धुण्याच्या दगडावर मोडलेल्या सात तबकड्या

पन्नासहून जास्त वर्षं मी ही हकीकत सांगायची टाळली. टाळली म्हणणं हीसुद्धा स्वतःला दिलेली सवलतच आहे. खरं तर मी तिच्या जागी दुसरीच एक हकीकत सांगत आलो, आणि ती लोकांना आवडली.

गेल्या आठवड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. कोपरगावात हंगाम कळतो तो आधी नाकाला. मळीचा गोड, आंबूस, किंचित जळका वास गावावर येऊन बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत हलत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर चिपाडाच्या राखेचे काळे ठिपके पडतात. पूर्वी रस्त्यानं बैलगाड्यांची रांग असे, आता ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून जातात. वास मात्र तोच आहे. माझं वय झालं, कानांनी कमी ऐकू येतं, एका डोळ्यानं नीट दिसत नाही. पण हा वास आला की मी पुन्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि नुकत्याच भादरलेल्या डोक्याला गार वारा लागतो.

त्याच दिवशी संध्याकाळी रंगनाथ आला होता. रंगनाथ म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माझा जुना सोबती. घरी नातजावई पहिल्यांदाच आला होता. चहा झाला, आणि रंगनाथनं पाय वर घेऊन सुरू केलं, ‘‘जावईबापू, तुमच्या ह्या आजेसासऱ्याच्या वडलांच्या मयताला बँड लागला हुता, ठावं हाय का? एक बेवडा भाडेकरू हुता ह्यांच्यात. मानसं घाटावरनं आली न्हाईत तवर ह्यानं आपलं धाडधाड, लगीन लागल्यावानी! लई मजा झाली!’’

सगळे हसले. नातजावई बिचारा माझ्याकडे बघून हसू का नको या विचारात होता. त्याला मोकळं वाटावं म्हणून मीही हसलो.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून वही काढली.

तो भाडेकरू बेवडा नव्हता. त्याचं नाव शमुवेल साळवे. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून आला. कारखान्याची वसाहत भरलेली होती, आणि गावात त्याला कोणी खोली देईना. आमच्या आळीत तीन घरं त्यानं विचारली. तिन्ही घरांत नाव विचारून झाल्यावर खोली रिकामी नसल्याचं निघालं. आमच्या परसातली खोली माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला दिली. अण्णा निवृत्त मास्तर. आळीतले दोघं-तिघं समजवायला आले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘माझी खोली आहे. विटाळ झाला तर मला होईल, तुम्ही कशाला अंघोळ करता?’’ मला तेव्हा अण्णांचा राग आला होता. काट्यावर लोक मला विचारायचे, ‘‘काय वसंतराव, पाव-बिव खायला लागला का?’’ आणि मी ओशाळून हसायचो.

साळव्यांनी टांग्यातून काय आणलं, तर एक ट्रंक, एक वळकटी, सूटकेससारखा उघडणारा रेकॉर्डप्लेअर, आणि एका लाकडी खोक्यात उभ्या लावलेल्या एकवीस एलपी तबकड्या. टांगेवाला खोकं उचलायला गेला तर ‘‘राहू दे, राहू दे,’’ करत त्यांनी ते स्वतः पोटाशी धरून आत नेलं. त्यांचे वडील नगरला मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. तिथला अमेरिकन डॉक्टर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा जाताना त्यानं आपल्या डझनभर तबकड्या ड्रायव्हरच्या मुलाला दिल्या. पुढे साळव्यांनी स्वतः भर घातली. नगरच्या छावणीत कुणा साहेबाची बदली झाली की सामान विकायला निघे, तिथं जायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गुडघ्यावर बसून गठ्ठे चाळायचे. एक तबकडी तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ देऊन आणली होती. आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या सावळ्या मनगटावर घड्याळाचा फिका पट्टा अजून होता.

हे संगीत जॅझ. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. आळीत त्याला ‘साळव्याचा बँड’ म्हणत, आणि ते फार चुकीचंही नव्हतं. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, झांजा. आमच्याकडे वरातीपुढे जी वाद्यं वाजतात तीच बरीचशी. फक्त आमचा बँडवाला सिनेमाची चाल धरून सरळ रस्त्यानं जातो, आणि हे लोक चाल धरायची, सोडायची, कुठल्या तरी गल्लीत शिरायचं, आणि आता हे हरवले असं वाटेपर्यंत पुन्हा चौकात हजर, असं काहीतरी करत. मला तो भांड्यांचा कालवा वाटायचा.

अण्णांना तसं वाटलं नाही. ते भजनात पखवाज वाजवत. हृदयाचा दुसरा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी पखवाज बंद केला होता, आणि ते दुपारभर परसात उन्हाला खुर्ची टाकून बसत. साळव्यांची पाळी पहाटेची. दुपारी ते खोलीवर असत. दार उघडं टाकून तबकडी लावत. मी कामावर असायचो, त्यामुळे त्या दुपारी मला आईच्या तोंडूनच माहीत आहेत, शिवाय दोन-तीन रविवार मी स्वतः पाहिलेले.

एक रविवार अजून जसाच्या तसा आठवतो. अण्णा मांडीवर बोटं वाजवताहेत, कपाळाला आठ्या.

‘‘शमुवेलराव, याची सम कुठं आहे?’’

‘‘आपल्यासारखी सम नसते हो यात, अण्णा.’’

‘‘नसते कशी? तुम्हाला सापडली नसेल. पुन्हा लावा.’’

पुन्हा लावली. मध्येच शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. व्होल्टेज पडलं आणि ट्रम्पेटवाल्याचा सूर घरंगळत खाली आला.

‘‘या माणसाला दमा आहे का हो?’’ अण्णा म्हणाले.

साळवे इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग त्यांनी चौकोनी पाच पैशाचं नाणं सुईच्या दांडीवर ठेवलं, कारण तबकडीला एका जागी चरा होता आणि तिथं सुई उडी मारायची. नाण्याच्या वजनानं ती तेवढी दबून जायची. तबकडी पुसायला त्यांच्याकडे मलमलचा एक तुकडा होता. कडेला दोन तळहातांत धरून, मधल्या काळ्या भागाला बोट न लावता, ते ती उजेडाकडे तिरपी करून बघायचे. आई म्हणायची, बाळंतिणीच्या खोलीत मूल धरतात तसं धरतो हा माणूस.

त्या डिसेंबरात युद्ध झालं. कारखान्याच्या खिडक्यांना काळे कागद लागले. युद्ध संपल्यावर साळव्यांनी ते कागद मागून आणले आणि वेष्टनं फाटलेल्या तबकड्यांना त्यांची पाकिटं केली. ज्यांची वेष्टनं शाबूत होती त्यांवर माणसांची चित्रं असत. घामानं चमकणारे काळे चेहरे, फुगलेले गाल, मिटलेले डोळे. मागं बारीक इंग्रजीत मजकूर असे. साळवे तो अण्णांना वाचून दाखवत आणि मराठीत सांगत. एकदा काट्यावरून परत आलो तेव्हा अण्णा आईला सांगत होते, ‘‘अगं, त्या लोकांत रीत आहे. माणूस गेला की वाजंत्री बरोबर. जाताना रडकं वाजवतात, आणि पोचवून परत येताना नाचतं. माणूस सुटला म्हणून.’’ आई म्हणाली, ‘‘काहीतरीच.’’ मी हातपाय धुवायला गेलो. त्या बोलण्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं मला वाटलं नाही.

जानेवारी संपता संपता अण्णा गेले. पहाटे पाण्याचा तांब्या मागितला, आणि आई तांब्या घेऊन येईपर्यंत गेले होते.

त्या दिवसाचं पुष्कळसं पुसट झालं आहे. गोदावरीचा घाट आठवतो. न्हाव्याचा वस्तरा आठवतो, आणि केस गेल्यावर डोक्याला लागलेला वारा. पाणी इतकं गार होतं की बुडी मारल्यावर श्वास अडकला. परत येताना मी सगळ्यांच्या पुढं, ओल्या पंचानं, मागं पंचवीस-तीस माणसं. दारात कडुलिंबाची डहाळी ठेवली होती. एकेक पान चावून माणसं आत येत होती. जिथं अण्णांना निजवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला होता. त्याचं दर्शन घेऊन जायचं, अशी आमच्यात पद्धत. आई आतल्या खोलीत बायकांच्या मध्ये बसली होती. मी दिव्यापुढं वाकलो.

आणि परसातून ट्रम्पेट सुरू झाला.

आता मला माहीत आहे की तो काय होता. तेव्हा मी जे ऐकलं ते सांगतो. मी लग्नाचा बँड ऐकला. आम्ही सगळ्यांनीच लग्नाचा बँड ऐकला. आमच्या कानांना पितळी बाजाची तेवढी एकच ओळख होती: नवरदेव घोड्यावर बसला. ढोल, झांजा, सनईसारखं किंचाळणारं क्लॅरिनेट, आणि सगळं उड्या मारत, हसत. माझ्या तोंडात लिंबाचं पान कडू होतं. एकाच्या हातून तांब्या पडला. माझा चुलता मोठ्यानं म्हणाला, ‘‘कोण हाय रं तो?’’ आतल्या बायकांचं रडणं एकदम थांबलं. ती शांतता मला त्या बाजापेक्षा भयंकर वाटली.

मी परसात गेलो. साळवे प्लेअरजवळ उभे होते; पांढरा शर्ट, काळा कोट, हात समोर बांधलेले, डोळे भरलेले. मी सुई ओढली. ती तबकडीवरून खरवडत गेली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

‘‘वसंतराव, अण्णांनीच…’’

‘‘माझ्या बापाचं नाव घ्यायचं नाही!’’ मी म्हणालो, आणि त्यापुढं त्यांच्या जातीवरून एक शब्द बोललो. तो मी इथं लिहिणार नाही. लपवायचा म्हणून नव्हे. तो पुन्हा एकदा त्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

मग मी ते खोकं उचलून धुण्याच्या दगडापाशी नेलं.

इथंच मी आजवर स्वतःला सोडवत आलो. रागाच्या भरात झालं, असं म्हणायचो. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या आपटल्या की ठिकऱ्या होतात. तशाच याही फुटतील अशी माझी समजूत होती. या फुटत नव्हत्या. दगडावर आपटली की नुसती कड दुमडायची, थरथरून उडी मारायची. मग मी एक टोक दगडाखाली अडकवलं, दुसऱ्यावर पाय दिला आणि वजन टाकलं. तेव्हा ती वाकली, पांढरी रेघ पडली, आणि मोडली. प्रत्येकीला वेळ लागत होता. काळ्या कागदाचं पाकीट काढायचं, तबकडी अडकवायची, पाय द्यायचा. इतक्या वेळात राग टिकत नाही. तिसऱ्या तबकडीला माझा राग संपला होता, हे मला चांगलं आठवतं. चौथीपासून पुढं मी मोडत होतो ते पंचवीस-तीस माणसं बघत होती म्हणून. घड्याळ देऊन आणलेली सहावी होती. तिच्या वेष्टनावर त्यांनी बारीक अक्षरात घड्याळ दिल्याची तारीख घातली होती, म्हणून मी ओळखली. ओळखून मोडली.

साळव्यांनी मला अडवलं नाही. सातवीनंतर चुलत्यानं माझा दंड धरला. ‘‘बास झालं, वसंता. सुतक हाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी साळवे ट्रंक आणि खोकं घेऊन गेले. खोलीची किल्ली त्यांनी तुळशीपाशी ठेवली होती. खोली झाडून ठेवली होती. दगडापाशी पडलेले तुकडेसुद्धा नेले होते.

पाचव्या दिवशी कारखान्याचा माणूस कागद घेऊन घरी आला. गावातून साळव्यांविरुद्ध तक्रार गेली होती. त्यानं सहज विचारलं, ‘‘प्यायला होता का हो?’’

मी म्हणालो, ‘‘वास येत होता.’’

वास मळीचा होता. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या अंगाला तो येई. माझ्याही येई. साळवे दारूला शिवत नसत, हे मला आणि आमच्या आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यानं कागदावर लिहिलं, ‘मद्यप्राशन करून’. मी ते वाचलं. सुतकात सही करू नये असं आत्या म्हणाली. मी केली.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. आई स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, ‘‘वसंता, तो बाजा ह्यांनीच लावायला सांगितला होता.’’

‘‘कुणी?’’

‘‘ह्यांनी. संक्रांतीला. माझ्यासमोर शब्द घेतला त्याच्याकडून. ‘मला पोचवून मंडळी घरात आली की लावा, शमुवेलराव. आधी नको, बायका घाबरतील.’ तो नको नको म्हणत होता. हे ऐकेनात.’’

मी पाट न घेता तिथंच जमिनीवर बसलो.

‘‘मग तू बोलली का नाहीस?’’

‘‘काय बोलू? नुकतं कपाळ पुसलं होतं माझं. भोवती वीस बाया. नवरा गेला आणि ही म्हणते बाजा वाजू द्या, असं झालं असतं.’’ मग म्हणाली, ‘‘आणि मला वाटलं, तू ओरडशील आणि थांबशील.’’

दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झालो. प्रयोगशाळेत साळव्यांच्या जागी नवा माणूस बसला होता. भर हंगामात त्यांना काढून टाकलं होतं. वजनकाट्यापासून साहेबांच्या खोलीपर्यंत चाळीस-पन्नास पावलं. मी जाऊन सांगू शकत होतो की सही खोटी आहे. मी गेलो नाही. नोकरीची भीती होती म्हणावं तर तीही फारशी नव्हती. मला फक्त, ज्यांनी पाठीवर हात ठेवून ‘‘बरं केलंस’’ म्हटलं होतं, त्यांच्यासमोर चूक ठरायचं नव्हतं. कँटीनमध्ये रंगनाथनं विचारलं, ‘‘खरंच पेलेला हुता का गड्या?’’ मी म्हणालो, ‘‘तर काय, उभं राहता येत नव्हतं.’’ सहीच्या पलीकडचं हे खोटं मी हौसेनं घातलं. तेच त्यानं गेल्या आठवड्यात माझ्या नातजावयाला ऐकवलं.

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि पुढचा हंगाम नावापुरता झाला. लोक आपापल्या चिंतेत बुडाले, आणि साळव्यांचं नाव फक्त त्या किश्श्यात उरलं.

कधी कधी मला वाटतं, अण्णांनी मला का सांगितलं नाही? मी त्यांचा मुलगा. अग्नी मी देणार होतो. पण शेवटची इच्छा त्यांनी भाडेकरूला सांगितली. याचं उत्तर मला माहीत आहे. मी हातपाय धुवायला निघून गेलो होतो.

आई गेली ती त्यानंतर वीस-एक वर्षांनी. जायच्या आधी म्हणाली, ‘‘त्याला एकदा भेटून ये.’’ तिचे दिवस झाले आणि मी नगरची एसटी धरली. पत्ता शोधायला दोन तास लागले. चर्चच्या मागच्या गल्लीत एका खोलीत साळवे शाळेच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होते. केस सगळे पांढरे. मला बघून त्यांनी खडू खाली ठेवला, मुलांना सुट्टी दिली.

‘‘या, या वसंतराव! आई कशा आहेत?’’

आई गेल्याचं सांगितलं. त्यांनी स्वतः उठून चहा केला. बोलता बोलता कळलं की पुन्हा कुठल्याच कारखान्यानं त्यांना घेतलं नाही. त्यांनी हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. ‘‘मुलाखत चांगली व्हायची. मग मागच्या कारखान्याला पत्र जायचं. काय लिहून यायचं देव जाणे.’’

काय लिहून येत होतं ते मला माहीत होतं. खाली सही माझी होती. वाक्य तयार होतं. एसटीत ते मी शंभर वेळा म्हटलं होतं. तेवढ्यात त्यांनीच कप खाली ठेवला.

‘‘वसंतराव, एक सांगायचं राहून गेलंय. त्या दिवशी चूक माझी झाली. अण्णांनी शब्द घेतला होता, पण मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. घरातलं माणूस तुमचं गेलं होतं. मी तुमच्या दुःखाचा विचारच केला नाही. मला माफ करा.’’

त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस.

मी हबकलो. खरं सांगतो, आयुष्यात इतका कधी हबकलो नाही; अण्णा गेले तेव्हा नाही, ट्रम्पेट वाजला तेव्हा नाही, आईनं सांगितलं तेव्हाही नाही. आणि त्या अवस्थेत माझ्या तोंडून निघालं, ‘‘असू द्या हो. झालं गेलं.’’

मी त्यांना माफ केलं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. एसटीपर्यंत ते मला सोडायला आले. खिडकीशी उभे राहून हात हलवत होते. मी पुन्हा जाईन, पुढच्या महिन्यात जाईन, लिहून पाठवीन, असं करत वर्षं गेली. मग एक दिवस नगरकडच्या एका पाहुण्यानं बोलता बोलता सांगितलं, साळवे सर गेले.

म्हणून आता इथं, जे लोकांना सांगायचं होतं ते लोकांसमोर:

शमुवेलराव, तुम्ही प्यायलेले नव्हता. माझ्या वडिलांना दिलेला शब्द तुम्ही पाळत होता, आणि अख्ख्या गावात त्या दिवशी तेवढा एकच माणूस त्यांचं ऐकत होता. मी तुमच्या सात तबकड्या मोडल्या. त्यातल्या चार राग नसताना मोडल्या. मी खोटी सही केली, तुमची नोकरी घालवली, आणि पुढं तुमच्या नावावर लोकांना हसवलं. त्या दिवशी चहाच्या कपापाशी हात जोडायचे होते ते मी. मला माफ करा.